तारेचा सांधा, तालाचा सांधा

गिटार शिकायला बसलेल्या प्रत्येकाला आधी एक चौकट मिळते. पेंटाटॉनिकचा बॉक्स. पाच स्वर, प्रत्येक तारेवर दोन, आणि बोटं चार फ्रेटच्या आत. ती इतक्या लवकर हाताशी येते की शिकणारा पुष्कळ दिवस तिच्यातच राहतो. काही जण कायमचे राहतात आणि सुखानं वाजवतात. तिच्या पलीकडे जायचं ठरवलं की जी गोष्ट समोर येते तिचं नाव अगदीच कोरडं आहे: थ्री नोट्स पर स्ट्रिंग. सात स्वरांचं स्केल, पण प्रत्येक तारेवर मोजून तीन स्वर. कुठे दोन नाहीत, कुठे चार नाहीत.

मी पेटीवर वाढले, म्हणून मला हा नेम पहिल्यांदा ऐकला तेव्हा विचित्रच वाटला. पेटीवर सप्तक संपलं की पुढचं सप्तक त्याच आकारात पुन्हा उभं असतं. मंद्रातला गंधार सापडला की तारातला शोधावा लागत नाही. गिटारवर मात्र एकच स्वर पाच ठिकाणी बसलेला असतो. सगळ्यात बारीक तार मोकळी छेडल्यावर येणारा स्वर दुसऱ्या तारेवर 5व्या फ्रेटवर आहे, तिसऱ्या तारेवर 9व्या, चौथीवर 14व्या आणि पाचवीवर 19व्या. तेव्हा कुठला स्वर कुठे घ्यायचा हे वाद्य सांगत नाही, आपणच ठरवायचं. ‘तीन-तीन घ्या’ हा त्या गोंधळावरचा एक तोडगा आहे.

तोडगा हातात कसा दिसतो ते सांगते. जाड तारेवर 3ऱ्या फ्रेटला षड्ज धरला तर पहिल्या दोन तारांवर बोटं 3-5-7 या फ्रेटवर पडतात. पुढच्या दोन तारांवर 4-5-7. शेवटच्या दोन तारांवर 5-7-8. सहा तारा, अठरा स्वर, आणि हाताला करायच्या गोष्टी फक्त तीन. स्वरांच्या भाषेत तेच असं: सारेग, मपध, निसारे, गमप, धनिसा, रेगम. खालच्या षड्जापासून दोन सप्तकं ओलांडून वरच्या मध्यमापर्यंत आपण चढतो, आणि हात या सगळ्यात जेमतेम दोन फ्रेट पुढे सरकलेला असतो.

ते दोन फ्रेट का, याची कारणं वेगवेगळी आहेत. गिटारच्या शेजारशेजारच्या तारांमध्ये साधारणपणे षड्ज-मध्यमाचं अंतर असतं. सा खालच्या तारेवर जिथे, तिथेच पुढच्या तारेवर म. पण मध्यमापासून नि हा त्याहून अर्ध्या स्वरानं लांब आहे, म्हणून हात एक फ्रेट सरकतो. हे सरकणं सप्तकाच्या घडणीतून आलेलं आहे. दुसरं सरकणं वाद्याच्या घडणीतून येतं: तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत षड्ज-मध्यमाऐवजी षड्ज-गंधाराचंच अंतर ठेवलेलं असतं. कॉर्ड धरताना बोटं सोयीनं पडावीत म्हणून ही तडजोड टिकून राहिली. स्टॅनली जॉर्डनसारखा वादक ती नाकारतो आणि सगळ्या तारा सारख्या अंतरावर लावतो. बाकीचे आपण मुकाट्यानं एक फ्रेट सरकतो.

मला शिकवणारा मुलगा पंचविशीतला आहे. तो मला काकू म्हणतो. मी त्याला क्लासमध्ये सर म्हणते आणि क्लास संपला की अरे-तुरे करते. त्यानं मला सात आकृत्या असलेला कागद दिला, कारण स्केलच्या प्रत्येक स्वरापासून सुरू होणारा एकेक पॅटर्न असतो. सातही पाठ करायचे, असा रिवाज आहे. कागद टेबलावर ठेवून मी त्याकडे बघत बसले तेव्हा लक्षात आलं, की पाठ करण्याजोग्या सात वस्तू तिथे नाहीतच. एका तारेवर बोटांचे आकार तीनच संभवतात. दोन्ही अंतरं पूर्ण स्वराची: पधनि, सारेग, मपध. आधी अर्धा, मग पूर्ण: निसारे, गमप. आधी पूर्ण, मग अर्धा: धनिसा, रेगम. तीन, दोन, दोन. हाच क्रम गोल फिरत राहतो. गिटारला सातवी तार असती तर पूर्ण फेरी मावली असती. सहाच असल्यामुळे दर वेळी एक तुकडा बाहेर राहतो. कुठला राहिला, एवढाच सात पॅटर्नमधला फरक.

गाणं शिकलेल्या माणसाला यात आणखी एक ओळखीची गोष्ट दिसते. तेच सात स्वर ठेवून आधारस्वर बदलला, की भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा एकामागून एक हजर होतात. सा धरला तर बिलावल, रे धरला तर काफी, ग धरला तर भैरवी, मग कल्याण, खमाज, आसावरी. निषादाला षड्ज मानलं तर पंचमच हाती लागत नाही, म्हणून तिथे आपल्याकडे थाट नाही. पाश्चात्त्य संगीतात मात्र लोक्रियन असं नाव आहे. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी हे चौघं या रांगेत येत नाहीत, कारण त्यांच्यात कुठे ना कुठे दोन शेजारी स्वरांमध्ये दीड स्वराची फट असते. अर्थात पॅटर्न बदलला म्हणजे थाट बदलला असं होत नाही. मागे तंबोरा लावून बसलं की हे लगेच कळतं. बोटं काफीच्या आकृतीतून सुरू झाली तरी तंबोऱ्याचा षड्ज जागचा हलला नसेल, तर कानाला बिलावलच ऐकू येतो, फक्त रिषभापासून सुरू झालेला.

इथवरचं सगळं हाताला आणि बुद्धीला मानवणारं आहे. हा पॅटर्न लोकप्रिय आहे तो मात्र वेगासाठी. प्रत्येक तारेवर सारखेच स्वर असल्यामुळे हाताची हालचाल एकसारखी होते आणि यंत्र आपोआप फिरू लागतं. पिकची गंमत तर खासच. खाली-वर-खाली असं तीनदा वाजवलं की चौथा फटका वरच्या दिशेनं, म्हणजे प्रत्येक दुसरी तार उलट्या फटक्यानं सुरू होते. फ्रँक गॅम्बाली या ऑस्ट्रेलियन वादकानं इथे वेगळी वाट काढली: तिसरा फटका खाली गेलाच आहे, तर त्याच ओघात पुढची तारही खालच्या फटक्यानंच घ्यावी. विषम संख्येमुळेच ते जमतं. अ‍ॅलन होल्ड्सवर्थनं बहुतेक स्वर पिकनं छेडायचेच टाळले. डाव्या हाताची बोटं तारेवर आपटून आणि उचलून त्यानं ओघळत जाणारा आवाज काढला. रस्ते निराळे असले तरी दोघांनाही अडथळा एकच वाटत होता, तो म्हणजे एक तार सोडून दुसरी धरण्याचा क्षण. सांधा तिथे आहे, आणि कसब म्हणजे तो ऐकू न येणं.

वेग आला की आपल्या मैफिलींतला एक जुना वाद आठवतो. सपाट तान. सरळ चढायचं, सरळ उतरायचं, दाणेदार आणि झपाट्यानं. श्रोते टाळ्या वाजवतात आणि जाणकार घरी जाताना म्हणतात, तयारी आहे हो, पण राग कुठे होता? थ्री नोट्स पर स्ट्रिंग ही गिटारची सपाट तान आहे. ती हाताला इतकी सोयीची, की वाजवणारा कुठेही असो, बोटं त्याला त्या उतारावर नेऊन सोडतात. त्यातून स्वरांचे तीन-तीनचे गठ्ठे इतके पक्के होतात, की मनातही स्केल तिनातच ऐकू येऊ लागतं.

एकदा हेच यंत्र फिरत असताना सर म्हणाले, “काकू, मेट्रोनोमच्या एका ठोक्यात तीन वाजवताय. आता चार वाजवा.” बोटं तीच, तारा त्याच, क्रम तोच. फक्त ठोका दर चौथ्या स्वरावर. सांगायला एवढंच आहे, पण हात गोंधळून जातो, कारण तीन वाजवताना नवा ठोका आणि नवी तार एकत्र येत होती. खरं तर तिथेही ती जोडी फक्त चढताना टिकते. वरचा मध्यम दुसऱ्यांदा न वाजवता तसंच उतरायला लागलं, की ठोका प्रत्येक तारेच्या मधल्या स्वरावर सरकतो. वेगात ते कळत नाही इतकंच. चारात मात्र लपवायला जागा नाही. जाड तारेपासून मोजलं तर पहिला ठोका पहिल्या तारेच्या पहिल्या स्वरावर. दुसरा, दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या स्वरावर. तिसरा, तिसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर. चौथ्या तारेवर ठोका पडतच नाही. ती नुसती ओलांडायची. आणि पाचव्या तारेच्या पहिल्या स्वरावर दोन्ही पुन्हा भेटतात. न्हाणीघरात भिंतीच्या फरशा एका मापाच्या आणि जमिनीच्या दुसऱ्या मापाच्या असल्या, की त्यांच्या रेघा मधूनच कुठेतरी जुळतात, तसं हे.

हात सावरेना, तेव्हा मी लहानपणीची सवय वापरली आणि वाजवताना सरगम म्हणू लागले. सगळी म्हणायला दम पुरत नव्हता म्हणून फक्त ठोक्यावरचे स्वर मोठ्यानं म्हटले. सा. प. रे. ध. ग. दुसऱ्यांदा म्हटले आणि थांबले. हा तर भूप होता.

कागदावर मांडून बघितलं तर त्यात चमत्कार काही नाही. दर चौथ्या पावलाला स्वर घेतला की आपण पंचमाच्या उडीनं पुढे जातो: सा पासून प, प पासून रे, रे पासून ध, ध पासून ग. षड्ज-पंचम भावाची साखळी. उलट तारांचे पहिले स्वर बघावेत तर ते सा, म, नि, ग, ध, रे असे मध्यमाच्या उडीनं चाललेले. एकाच चालीत तारा मध्यमानं सरकतात आणि ठोके पंचमानं. गायकाला ही दोन नाती माहीत असतात, पण तो ती तंबोऱ्यात ऐकतो. गिटारवर ती दोन हातांत वाटली गेली आहेत: डावा हात मध्यमाचा हिशेब ठेवतो, उजवा पंचमाचा. आणि ज्या पाच स्वरांच्या बॉक्समधून बाहेर पडायला म्हणून हा पॅटर्न घेतला, तेच पाच स्वर त्याच्या ठोक्यांवर उभे होते. गिटारचा गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका चढा असतो, तेव्हा हा भूप काटेकोर कानाला थोडा खटकेल. पण होता भूपच.

सरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, “भूप म्हणजे मेजर पेंटाटॉनिक ना?” आणि पुढचा धडा काढला. त्यांचं बरोबरच आहे. शोध लागला म्हणून हात सुधारत नाही.

तरी त्यानंतर माझा रियाज बदलला. आधी मी सांधे झाकत होते. तार बदलली हे कळू नये, यात सगळं लक्ष. आता मी ते मोजते, कारण वाजवताना दोन वेगळे सांधे असतात आणि ते सहसा एका जागी येत नाहीत. एक वाद्याचा, जिथे तार संपते. दुसरा संगीताचा, जिथे ठोका पडतो, वाक्य संपतं, श्वास घ्यावासा वाटतो. हात स्वाभाविकपणे पहिल्याला दुसरा समजतो. तार संपली की त्याला वाटतं वाक्य संपलं. वेगवान पण निर्जीव वाजवणारे पुष्कळ ऐकले आहेत. त्यांच्या बोटांत दोष नसतो, फक्त त्यांची वाक्यं तारेच्या लांबीची असतात. जॉन मॅक्लॉफ्लिनची ‘शक्ती’ या बँडमधली गिटार ऐकताना असं होत नाही. फ्रेटमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, तरफेच्या तारा बसवलेल्या त्या गिटारवर तो स्वरन् स्वर पिकनं वाजवतो, आणि तरीही तार कुठे बदलली ते सांगता येत नाही. ऐकू येतो तो झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्याशी चाललेला हिशेब. मॅक्लॉफ्लिननं कर्नाटक संगीतातलं कोन्नकोल, म्हणजे तालाचे बोल तोंडानं म्हणण्याची विद्या, मन लावून आत्मसात केलं. बोल तोंडानं म्हणणाऱ्याला तारा नसतात, त्यामुळे तारेच्या सांध्यावर तो अडखळण्याचा प्रश्नच येत नाही.

सध्या मी पाच-पाच करते. ठोक्यावर सा, ध, म, रे येतात, तिसऱ्या-तिसऱ्या स्वराची उतरती माळ, जिच्यातून गिटारवाल्यांची एक सरळ कॉर्ड होते. मग सहा येईल, ते म्हणजे तीनच, फक्त एक तार सोडून. त्यापुढे सात. सातात ठोका पडेल तो पहिल्या तारेच्या पहिल्या स्वरावर, तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर, पाचव्या तारेच्या तिसऱ्यावर. तिन्ही जागा हाताला सारख्याच परक्या. आणि तिन्ही ठिकाणी असेल षड्ज. कानाला याहून सोपं काही नाही, हाताला याहून अवघड काही मी अजून केलेलं नाही. सर म्हणतात घाई नको. मला घाई आहे.