दोन आणि चार

रविवार, रात्री.

भाईंदरच्या या चाळवजा इमारतीत कीबोर्ड हेडफोन लावूनच वाजवावा लागतो. सध्या जाझमधल्या स्विंग लयीचा नाद लागलाय. कागदावर मात्रेचे दोन सारखे भाग दिसतात. वाजवताना मात्र पहिला लांब, दुसरा आखूड. मात्रेचे तीन भाग करायचे, पहिले दोन जोडून धरायचे, पुढचा सूर तिसऱ्यावर. पण हे गणित फार मनावर घेऊ नये. लय जलद झाली की दोन्ही भाग जवळजवळ सारखेच होतात. खरी अडचण जोराची: तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. समेची वाट पाहणाऱ्या आपल्या हातांना हे सहज पटत नाही.

तसं हे काही परकं नाही. सुगम संगीतातला केरवा कितीदा तरी असाच झुलतो. शिवाय १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा जाझ बँड मुंबईच्या ताज हॉटेलात आला, आणि गोव्याच्या वादकांनी ही चाल उचलली. त्यांतलेच हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी त्यांना हाताशी धरलं आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातल्या गाण्यांतून स्विंग घरोघरी पोहोचला. जाझ म्हणून नव्हे, भगवानदादांचा नाच म्हणून! माझ्या मते शिकायला तीच गाणी उत्तम.

तुम्हालाही शिकायचं असेल तर मेट्रोनोमचा ठोका दोन आणि चारवर पडतोय असं धरा, आणि लय तोंडाने म्हणता येईपर्यंत बोटं पट्ट्यांवर ठेवू नका.