टीव्ही गेला भिंतीवर, शोकेसचं काय?

ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटात शिरलं, की आधी नाकाला कळतं. पॉलिशचा उग्र वास आणि त्यात मिसळलेला लाकडाचा भुसा. एस. व्ही. रोडवरच्या दुकानांत जुन्या आरामखुर्च्या आणि नवेकोरे सोफे एकमेकांना खेटून उभे असतात. मॉलमधल्या फिक्स्ड प्राइसला कंटाळला असाल, तर एक शनिवार इथे काढाच.

मी मात्र टाइमपासला गेले नव्हते. माझ्या पर्समध्ये डोंबिवलीच्या घरातल्या शोकेसची मापं होती.

ही सागवानी शोकेस बाबांनी माझ्या जन्माच्या वर्षी, १९९७ साली करून घेतली. मधोमध २१ इंची टीव्हीचा खण. २६ इंच रुंद, २२ इंच खोल. पिक्चर ट्यूबचं पोट मागे एवढं मोठं, की टीव्हीसाठी अख्खी शोकेस खोल करावी लागली. आता आमचा टीव्ही ४३ इंची. नुसता पडदाच साडेसदतीस इंच रुंद. खणात मावणार कसा? तो गेला समोरच्या भिंतीवर, खणात आले इस्त्रीचे कपडे. आई म्हणते, ‘विका ते धूड.’ बाबा काहीच बोलत नाहीत.

जुन्या फर्निचरच्या दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो बघितला. ‘लकडी का दाम मिलेगा, डिझाइन का नहीं.’ मला उगाचच लागलं ते.

मागच्या गल्लीतल्या मिस्त्रीचाचांनी मात्र स्टूल पुढे केलं. ते म्हणाले, पूर्वी लोक टीव्ही घ्यायचे आणि दहा-पंधरा वर्षं निवांत असायचे. खण मापात बसवला की झालं. मग चौकोनी पडदा जाऊन १६:९ चा आडवा आला, आणि ३२ चे ४३, ४३ चे ५५ व्हायला लागले. ‘अब टीव्ही के नाप का कुछ नहीं बनाता.’ भिंतीवर प्लायचं रुंद पॅनेल, वायरी लपवायला मागे पाइप, खाली जेमतेम १४ इंच खोल युनिट. सेट-टॉप बॉक्सचा कप्पा उघडा किंवा काचेचा, कारण लाकडाच्या दारातून रिमोट चालत नाही.

म्हणजे काम कमी झालं?

‘काम है. पर दीवार का काम है.’ ड्रॉवरचे सांधे रंधा मारून जुळवायला आता कोणी सांगत नाही, एवढंच म्हणाले.

मग त्यांनी मापांचा कागद पुन्हा पाहिला. खण जमिनीपासून किती उंच? २९ इंच. ‘टेबल की हाइट है, बेटा.’ कापायचं काहीच नाही. पुढे बिजागरीवर पाडायची एक फळी, आत दिवा. झालं लॅपटॉपचं टेबल! गेली दोन वर्षं मी डायनिंग टेबलावर बसून लेख लिहितेय.

तिथूनच बाबांना फोन लावला. चार्जरसाठी मागे भोक पाडावं लागेल, म्हटलं.

‘भोक आहे,’ बाबा लगेच म्हणाले. ‘अँटेनाच्या वायरीचं. मीच पाडून घेतलं होतं.’

चाचा रविवारी येणार आहेत. आईने इस्त्रीचे कपडे आजच हलवले.

जाणार असाल तर : राम मंदिर किंवा जोगेश्वरी स्टेशनला उतरा आणि पश्चिमेकडून रिक्षा करा. मापं लिहून न्या. आणि हो, घासाघीस करायला लाजू नका.