तांबडी वाट

निवृत्तीनंतर सायकल घेतली आणि एका सकाळी केरीहून फेरीबोटीने ती तेरेखोलला नेली. १७४६ साली पोर्तुगीजांनी सावंतवाडीकरांकडून घेतलेला किल्ला येथलाच; गाव गोव्याचे, पण जमिनीने महाराष्ट्राला जोडलेले. डांबरी रस्ता सोडून जांभ्या खडीच्या वाटेला लागलो. चाक घसरू लागले, गुडघे कुरकुरले. चढावर उतरून सायकल ढकलावी लागली. नोकरीत असताना अशीच एक वाट जीपमधून पाहून मी शेरा लिहिला होता : ‘रस्ता कच्चा, तथापि वापरण्यायोग्य.’ डोक्यावर ओझी घेऊन त्या वाटेने चढणाऱ्या बायका तेव्हा काचेतून दिसल्या होत्या. आज ती लेखणी हाती असती, तर ‘तथापि’पाशी थांबलो असतो.