तोंड वर, तोंड खाली

पाटणच्या वरच्या अंगाचे एक तात्या आपली पंचवीस-तीस वर्षांची डिझेल जीप घेऊन आले, ते गाडीच्या आधी बिल दाखवत. पंप उतरवून कॅलिब्रेशन, चारही नोझल नवे. एवढं करूनही सकाळी बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारायचा, मग पांढरा धूर, मग कुठं सुरू. "पंपच परत गेला म्हणायचा," तात्या म्हणाले.

जुन्या डिझेलचं काही दुखलं की पहिला आळ पंपावर. उमेदीच्या काळात मीही एका गिऱ्हाइकाचा पंप असाच उगाच उतरवला होता. पैसे त्यानं मुकाट दिले, मीही मुकाट घेतले. अजून टोचतं.

मी विचारलं, "रात्री गाडी लावता कशी?"

"अंगणात. तोंड वर करून."

"आणि कधी उलटी लावली तर?"

तात्या थबकले. "लेकीच्या गावाला तोंड खाली असतं. तिथं मात्र हात लावला की सुरू."

निम्मं निदान तिथंच झालं.

टाकी मागं, पंप पुढं. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. त्या वाटेवर चीर पडली तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नोझलच्या बाजूचं उलटं. तिथं दीडशे-पावणेदोनशे बारचा दाब. गळती झाली की ओल दिसते, वास येतो. (तिथं बोट मात्र लावू नये. फवारा कातडीत घुसतो, मग थेट ऑपरेशन.) ओढणाऱ्या बाजूचा चोर कोरडा असतो. रात्रभर तोंड वर राहिलं की चिरेतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल टाकीत उतरतं. सकाळी पंप हवाच दाबत बसतो, आणि हवा दबते, नोझल काही उघडत नाही.

फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडली. हँड पंप मारून, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून एअर काढली, गाडी सुरू केली. आधी स्वच्छ पिवळसर डिझेल. मग मोहरीएवढा एक बुडबुडा, त्यामागं दुसरा, मग माळच लागली. बॉनेटवर कॅन ठेवून डिझेल तिथून दिलं, तर बुडबुडे बंद. म्हणजे फीड पंप, फिल्टर, पंप सगळे निर्दोष. पाणी मुरतंय ते मागं.

चिरेची जागा काही डोळ्यांना दिसेना. मग टाकी गळ्यापर्यंत भरली, गॅरेजपुढच्या उतारावर जीप तोंड खाली करून रात्रभर ठेवली. आता डिझेलचं वजन पुढं. हवा शिरायची तिथून डिझेल पाझरणार. सकाळी टॉर्च घेऊन खाली शिरलो. चासीच्या कडेनं लोखंडी नळीला रबरी पाइप जोडला होता, तिथं क्लिपखाली धूळ रुपयाएवढी काळी पडली होती. क्लिप सोडली, पाइप वाकवला. कडक झालेल्या रबरात नखानं ओरखडावं तशी चीर.

नवा पाइप, दोन क्लिपा. दोन दिवस जीप चढावरच, तोंड वर करून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनीच किल्ली फिरवली. निघताना त्यांनी जुना तुकडा मागून घेतला आणि त्या बिलात गुंडाळून खिशात घातला.

"कशाला हो?"

"पंपवाल्याकडं चहाला जायचंय."