जीपचा रुसवा

आमच्या घरची डिझेल जीप उज्जैनच्या थंडीत कधी चटकन सुरू होई, कधी ढिम्म राही. मातोश्रींना डायलिसिससाठी सुमारे 55 किलोमीटरवरील इंदूरला वेळेवर न्यावयाचे. हा रुसवा परवडणारा नव्हता.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. म्हणून प्रश्न दोन: इंजिन पुरेशा वेगाने फिरते काय, इंधन पोचते काय? फ्रीगंजातील मिस्त्रींनी दिवे लावून किल्ली फिरविली. स्टार्टर ‘टक्’ करून गप्प; दिवे मात्र तेजस्वीच. म्हणजे बॅटरी सशक्त, वाट अडलेली! चॅसी व इंजिन जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून सैल झाली होती. कधी टेके, कधी सुटे. ती घासून आवळली आणि मातोश्री वेळेवर पोचल्या.

लहरी म्हटल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याचेही असेच: शक्ती असते, जोडणी तेवढी आवळावी लागते.