आजीची पिवळी वाट

बागेत झाड लावायचं म्हटलं की तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? "याला फूल कोणत्या रंगाचं येतं?" हाच ना? मीही हाच विचारायची. पण सातवीत असताना माझ्यावर एक असं काम येऊन पडलं, की त्यात फुलांचा फारसा उपयोगच नव्हता. मला हवी होती पानं. तीही रंगीत, आणि ऐन थंडीत न गळणारी. कशासाठी? तेच तर सांगायचंय.

आमचं गाव इंदुरी. मावळात, इंद्रायणीच्या काठी, तळेगाव-चाकण रस्त्यावर. १७१७ साली शाहू महाराजांनी खंडेराव दाभाड्यांना सेनापती केलं, त्या दाभाड्यांची गढी आमच्या गावात आहे. जवळच तुकाराम महाराजांचा भंडारा डोंगर. पौष महिना लागला की पहाटे नदीवरून धुकं वर चढतं आणि डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडतं. अंगणातला झेंडू दिवाळीत मिरवून घेतो आणि मग वाळून काळा होतो.

माझ्या आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. आपल्या डोळ्यात एक पारदर्शक भिंग असतं. वय वाढलं की ते गढूळ आणि पिवळट होत जातं. धुरकट काचेतून बघावं तसं दिसू लागतं. आजीची खोड अशी, की पहाटे उठून मागच्या दारच्या नळावर स्वतः तोंड धुवायला जायची. कुणी हात धरलेला तिला खपायचा नाही. "मी काय पांगळी झालेय?" असं म्हणायची. त्या वाटेच्या कडेनं सांडपाण्याची चारी होती. मी सहावीत असताना, जानेवारीतल्या एका धुक्याच्या पहाटे आजीचा पाय त्या चारीत गेला. नशीब, हाड मोडलं नाही. पण पाय असा मुरगळला, की तीन आठवडे ती खाटेवर होती.

अण्णांनी मागच्या दारी रात्रभर दिवा लावून ठेवायला सुरुवात केली. चारीच्या कडेनं चुना फासलेले दगडही मांडले. ते दगड आजीला दिसले खरे, पण एकदा पदर सावरताना तिला त्यांचीच ठेच लागली! मग आई म्हणाली, "दगडांऐवजी झाडं लावा. झाडाला पाय लागला तर झाड वाकतं, माणूस पडत नाही." ते काम माझ्याकडे आलं.

आता गंमत बघा. ही झाडं कशी हवीत? एक, बारा महिने पानं टिकवणारी, म्हणजे सदाहरित. दोन, गुडघ्याएवढीच राहणारी. तीन, काटे नसलेली. आणि चार, आजीला लांबून दिसतील अशा रंगाची. फुलं चार दिवसांची पाहुणी. वाट मात्र रोजची. म्हणून रंग पानांतच हवा होता.

श्रावणात अण्णांबरोबर मी तळेगावला एका रोपवाटिकेत गेले. तिथल्या माळीकाकांनी एकेक रोप दाखवलं. पिवळ्या ठिपक्यांचं क्रोटन. तांबड्या पानांचा अकॅलिफा. सोनेरी पानांचा दुरांता. जमिनीलगत पसरणारी, गर्द जांभळ्या पानांची एक वेल. आणि पॉइनसेटिया. ती जांभळी वेल मला इतकी आवडली म्हणून सांगू! माझ्या खाऊच्या पैशांतून मी तिचीच सगळ्यांत जास्त रोपं घेतली आणि चारीच्या अगदी कडेला, मुख्य जागी लावली. क्रोटन लावलं आंब्याच्या सावलीत, कारण मला वाटलं की त्याला ऊन सोसणार नाही. दुरांता उरला, तो उन्हात लावला. पॉइनसेटिया दिव्याखाली.

दिवाळीनंतर थंडी पडली. एका पहाटे मी आजीच्या मागोमाग गेले. मोठ्या हौसेनं विचारलं, "आजी, दिसते का गं माझी वाट?"

आजी थबकली. वाकून बघत म्हणाली, "अगं, हितं काळं काय पडलंय? कुणी शेण सांडलं का काय?"

माझी जांभळी वेल! मला रडूच आलं. मग आजीनं पलीकडे बोट दाखवलं. "त्ये पिवळं मातुर दिसतंय बघ." तो होता बिचारा दुरांता. मी त्याच्याकडे धड लक्षही दिलं नव्हतं.

असं का झालं, ते मला पुढं शाळेत बाईंनी समजावलं. मोतीबिंदूचं पिवळट भिंग निळा-जांभळा प्रकाश अडवतं. त्यामुळे असे रंग काळपट दिसतात. पिवळा मात्र त्यातून पार होतो. त्यात आमचा दिवा जुन्या पद्धतीचा, तारेचा. त्याच्या उजेडातही निळा रंग कमीच असतो. म्हणजे आजीच्या डोळ्यांना ती वेल मातीत मिसळूनच गेली होती. मी झाड निवडलं होतं माझ्या डोळ्यांसाठी. बघणार होती आजी.

मी वेल उपटली आणि घरामागं बांधाच्या पलीकडे नेऊन लावली. तिच्या जागी दुरांताची रांग केली. क्रोटनचंही माझं चुकलंच होतं. सावलीत त्याची नवी पानं जवळजवळ हिरवीच येऊ लागली होती. माळीकाका हसून म्हणाले, "पोरी, रंगीत पानाला ऊन लागतं. सावलीत ठेवलंस तर ते हिरवंच होणार."

याचं कारण सोपं आहे. पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. ऊन पकडून अन्न तयार करायचं काम ते करतं. पिवळी आणि लाल द्रव्यं त्याच्या जोडीला असतात. सावलीत ऊन कमी मिळतं, म्हणून झाड हरितद्रव्य वाढवतं आणि बाकीचे रंग झाकले जातात. लाल पानातही हिरवा रंग असतोच. पटत नाही? अकॅलिफाचं एक लाल पान घ्या आणि आईला ते पाण्यात उकळून द्यायला सांगा. लाल रंग पाण्यात उतरेल आणि पान हिरवट होईल. हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा हं!

थंड देशांत तर याहून मोठी गंमत असते. तिथल्या ज्युनिपरच्या काही जाती उन्हाळ्यात निळसर हिरव्या असतात आणि कडाक्याच्या थंडीत जांभळट होतात. थंडीमुळे पानांचं काम मंदावतं, पण ऊन तर पडतच असतं. त्या जादा उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून झाड रंगाचा पडदा ओढून घेतं. वसंत आला की पुन्हा हिरवं! आपल्या मावळात तेवढी थंडी पडत नाही. म्हणून आपल्याला मुळातच रंगीत पानांची झाडं निवडावी लागतात. ही झाडंही तशी पाहुणीच. क्रोटन आणि अकॅलिफा पूर्वेकडच्या बेटांवरून आले, दुरांता अमेरिका खंडातून, पॉइनसेटिया मेक्सिकोतून. पण आता ती आपल्या अंगणात रुळली आहेत.

पॉइनसेटियाचं काय झालं, म्हणताय? त्या हिवाळ्यात ती लाल झालीच नाही. दुसऱ्यांच्या अंगणातल्या रसरशीत लाल झाल्या आणि आमची हिरवी ती हिरवीच! तिची ती लाल 'फुलं' म्हणजे खरं तर पानंच असतात. फुलं मध्ये असतात, पिवळी आणि बारीक. ती वरची पानं लाल व्हायला लांबलचक, सलग अंधारी रात्र लागते. आणि आमच्या मागच्या दारी तर आजीसाठी रात्रभर दिवा जळत होता! मी अण्णांना काही म्हटलं नाही. झाडासाठी आजीचा दिवा कोण विझवणार?

आजी शस्त्रक्रियेला तयार नव्हती. "अजून पिकला न्हाई, पिकला की बघू," असं चाललं होतं. पूर्वी मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबत असत, कारण तेव्हाची शस्त्रक्रियेची पद्धतच वेगळी होती. नंतर डोळ्यात नवं भिंग बसवायची पद्धत आली, आणि पिकायची वाट बघायची गरज राहिली नाही. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, अण्णांनी सांगून पाहिलं. शेवटी मी ते शेणाचं सांगितलं. म्हटलं, "आजी, ते शेण नव्हतं. माझी सगळ्यांत आवडती वेल होती ती. तुला दिसली नाही म्हणून मी उपटली."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "आधी का न्हाई सांगितलंस?"

फाल्गुनात एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, पावसाळ्याआधी दुसऱ्याची. पट्टी सुटल्यावर घरी आली ती थेट मागच्या दारी गेली. क्रोटनचं पान हातात धरून म्हणाली, "आगं बाई! ह्यात गुलाबी शिरा बी हायेत की!" आणि मग, "कुठाय ती तुझी वेल?" बांधापलीकडे ती आता चांगली हातभर पसरली होती. आजीनं स्वतः तिची चार कांडं खुडली आणि दुरांताच्या रांगेपुढं खोचली. पिवळ्यासमोर जांभळं! काय शोभा आली म्हणून सांगू!

आता रात्रभर दिव्याची गरज उरली नव्हती. अण्णांनी तो बंद केला. आणि त्या डिसेंबरात काय झालं असेल? ओळखलंत ना? पॉइनसेटिया लालभडक झाली!

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. आजी नाही. पण त्या दुरांताच्या फांद्यांपासून केलेली रोपं आजही आमच्या इंदुरीच्या घरामागं आहेत.

तुम्हीही अंगणात किंवा गॅलरीतल्या कुंडीत एखादं रंगीत पानांचं झाड जरूर लावा. क्रोटनची किंवा दुरांताची वीतभर फांदी पावसाळ्यात खोचली तर सहसा जगते. छाटल्यावर हात मात्र स्वच्छ धुवा. क्रोटन आणि पॉइनसेटियाचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. दुरांताची पिवळी फळं कितीही छान दिसली तरी तोंडात घालू नका आणि लहान भावंडांनाही घालू देऊ नका, ती विषारी असतात. आणि झाड निवडण्यापूर्वी एकदा घरातल्या आजी-आजोबांना विचारा, "तुम्हाला यातलं कोणतं नीट दिसतं?"

ते काय सांगतात, ते नीट ऐका. कदाचित त्यांना डॉक्टरांकडे न्यायची वेळ झाली आहे, हे तुम्हालाच सगळ्यांच्या आधी कळेल.