कंसालाही बोलू द्यायचे ते दिवस

जुन्या हिंदी कवितासंग्रहांच्या पहिल्या पानावर तळाशी एक पत्ता छापलेला असायचा: साहित्य-सदन, चिरगाँव (झाँसी). पुणं, मुंबई, काशी, प्रयाग ही पुस्तकांची गावं म्हणून ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे चिरगाँव कुठलं, असा प्रश्न पडायचाच. झाशीहून कानपूरच्या वाटेला लागलं की साधारण तीस किलोमीटरवर हे गाव येतं. मैथिलीशरण गुप्त १८८६ साली इथे जन्मले. पुढे राष्ट्रकवी झाले, राज्यसभेत गेले, तरी पुस्तकांवरचा पत्ता चिरगाँवचाच राहिला. आज त्या रस्त्याने जाणारी गाडी पारीछाच्या वीजकेंद्राची धुराडी मागे टाकून चौपदरी महामार्गावरून सुसाट निघून जाते. इथे थांबावं असं फारसं कुणाला वाटत नाही.

१९३६ साली याच पत्त्यावरून ‘द्वापर’ निघालं. कृष्णकथेवरचं काव्य, पण कवीने स्वतः कथा सांगायचं टाळलं आहे. एकेक पात्र पुढे येतं, आपलं म्हणणं मांडतं आणि बाजूला होतं. यशोदा बोलते, राधा बोलते, बलराम, नारद, कुब्जा, उद्धव बोलतात. भागवतात जिच्या वाट्याला जेमतेम एखादा श्लोक आला, ती नवऱ्याने अडवून धरलेली ब्राह्मणाची बायको इथे विधृता म्हणून उभी राहते आणि नवऱ्याला जाब विचारते. बंदिवासातली देवकी बोलते, मुलाने सिंहासनावरून खाली ओढलेला उग्रसेन बोलतो. आणि ज्याच्यामुळे या दोघांवर ही वेळ आली, तो कंसही बोलतो. कवी मध्ये पडून ‘याचं ऐकू नका’ असं सांगत नाही.

सांगायची गरजच नव्हती. कंसाच्या बोलण्यातलं किती घ्यायचं आणि किती सोडायचं, हे त्या काळच्या वाचकाला कुणी शिकवावं लागत नसे. कथा घराघरांत पाठ होती. आपल्याकडेही कीर्तनात बुवा दुर्योधनाची बाजू इतक्या तावातावाने मांडायचे की क्षणभर वाटावं, खरंच की, याचं काय चुकलं? पण समोर बसलेल्या आजीबाईंना कुठे मान डोलवायची आणि कुठे ‘मेल्या’ म्हणून बोटं मोडायची, हे पक्कं ठाऊक असायचं. सांगणारा कितीही ओतो, मोजायचं माप सगळ्यांच्या घरी एकच होतं. म्हणून दुष्टालाही बिनधास्त बोलू देता यायचं.

तेव्हाचा वाचक भोळा होता, छापलेलं सगळं खरं मानायचा, असं आज सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. तो सांगणाऱ्याला ओळखून ऐकायचा. हा कुठे उभा होता, याने स्वतः पाहिलं की कुणाकडून ऐकलं, याचा यात फायदा काय, एवढं तो मनातल्या मनात विचारून घ्यायचा. त्याची ही रीत नीट पाहायची तर चिरगाँवहून झाशीला परत यायला हवं आणि विष्णुभट गोडशांचं बोट धरायला हवं.

वरसईचे विष्णुभट १८५७ साली काकांबरोबर घराबाहेर पडले, ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचं कर्ज फिटेल या आशेने. मध्येच बंड उभं राहिलं, आणि १८५८च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा भटजी शहरातच अडकले होते. परत आल्यावर पंचवीसेक वर्षांनी त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहून काढला. ही कादंबरी नव्हे. पण ‘मी’ म्हणून सांगणाऱ्याचं ऐकावं कसं, हे शिकायला कादंबरीवाल्यांनाही याहून चांगली जागा सापडणार नाही.

बंड का पेटलं हे सांगताना भटजी चौऱ्याऐंशी कलमांच्या यादीची हकीकत देतात: इंग्रजांनी राजेरजवाडे बोलावून धर्मात हात घालणारी कलमं त्यांच्यापुढे ठेवली म्हणे. इतिहासात अशी यादी नाही. त्या वर्षी वाटावाटांवर फिरणारी ती बोलवा होती. झाशीचे राजे गंगाधरराव यांच्या बायकी पेहरावाच्या गोष्टीही ते रंगवून सांगतात. गंगाधरराव वारले १८५३च्या नोव्हेंबरात आणि भटजींनी कोकण सोडलं १८५७मध्ये, म्हणजे ह्या झाशीत कानावर आलेल्या गावगप्पा. पण शहर पडल्यावरची लूट आणि कत्तल, जीव मुठीत धरून दडून बसणं, जवळच्या पैशांची काळजी, हे सुरू झालं की त्यांची लेखणी बदलते. ऐसपैस गोष्टी थांबतात. घरातली जागा, वेळ, माणसं, गेलेला ऐवज असं बारीकसारीक येऊ लागतं. हा माणूस इथे होता, हे वाचणाऱ्याला आपसूक कळतं.

आणि मग काल्पीच्या वाटेवरची ती विहीर. पठाणी वेशातली, धुळीने माखलेली, तहानलेली राणी समोर येते. भटजी मडकं घेऊन पाणी काढायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी काढू नका. आणि स्वतः पाणी ओढून ओंजळीने पिते. हा प्रसंग खरा मानायचा का? एका गरीब भिक्षुकाची आणि राणीची अशी गाठ पडणं, तिचं असं बोलणं, सगळं जरा जास्तच जमून आल्यासारखं वाटतं. पण मोठेपणा मिरवायचाच असता तर राणी आपल्या हातचं पाणी प्याली, असं लिहिणं सोपं होतं. भटजींनी लिहिलंय ते असं, की तिने त्यांना पाणी काढूच दिलं नाही. सांगणाऱ्याच्या पदरात काही पडत नसताना तो जे सांगतो, त्यावर जुना वाचक मान डोलवायचा.

तरीही या वाचकाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली पुस्तक छापलं ते भाषेवरून आणि मजकुरावरून हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी दिला तो १९६६ साली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचक भटजींना तोलत होता, आणि मधूनमधून बोलत होते वैद्य.

१९६६ हे साल आणखी एका कारणाने लक्षात राहतं. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती त्याच वर्षी पुरी झाली. आणि १९६७ साली मराठीत दोन पुस्तकं आली: शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. एकात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण स्वतःच्या तोंडाने बोलतात. दुसऱ्यात एक मानववंशशास्त्रज्ञ त्याच माणसांना समोर बसवून उलटतपासणी घेते. त्याआधी, १९५९ साली, खांडेकरांनी ‘ययाति’मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांना बोलतं केलंच होतं.

त्या काळात आमच्या गावच्या वाचनालयात ‘मृत्युंजय’ला नंबर लावावा लागायचा. प्रत हाती येईपर्यंत कव्हर गेलेलं, पानं पिवळी, आणि समासात पेन्सिलीने आधीच्या वाचकांची भांडणं. कर्ण आपलं दुःख सांगत असताना कुणीतरी शेजारी लिहिलेलं: ‘मग भर सभेत द्रौपदीला काय बोललास?’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘ती तरी स्वयंवरात काय बोलली?’ गंमत अशी, की स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्र म्हणून कर्णाला झिडकारल्याचा भाग चिकित्सक आवृत्तीने मूळ पाठात धरलेला नाही, आणि सभेतलं कर्णाचं बोलणं मात्र धरलेलं आहे. समासात भांडणाऱ्यांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण कर्णाला प्रेमाने वाचता वाचता त्याला अडवायचा हक्क त्यांनी सोडला नव्हता.

माप बदललं ते मात्र याच पिढीत. माझ्या आधीच्या लोकांनी महाभारत ऐकून मग कादंबरी वाचली. आम्ही पुष्कळांनी कादंबरी आधी वाचली, आणि महाभारत तिच्यावरून पारखायला लागलो. कर्ण म्हणाला म्हणजे झालं!

तोवर १९६३ साली ‘कोसला’ येऊन गेली होती. पांडुरंग सांगवीकरची गोष्ट आजीला पाठ असायचं कारण नव्हतं. तो मेसच्या कारभारात स्वतःची फजिती सांगतो, वडिलांचे पैसे उडवल्याचं सांगतो, आणि सगळ्यावर ‘वगैरे’ टाकून निसटतो. याचं खरं किती, हे पारखायला बाहेरचं काहीच हाताशी नाही. पण बहीण जाते, तिथे त्याची ती टवाळी तोकडी पडते. मग मागची पानं पुन्हा वाचावीशी वाटतात, हा आधी कशाकशाला बगल देत होता ते शोधायला. मापाचं काम आता त्या माणसाच्या बोलण्यातूनच करून घ्यायचं होतं.

आजचा वाचक या कामात आमच्यापेक्षा तरबेज आहे, हे कबूल करायला हवं. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली ‘अविश्वसनीय निवेदक’ या कल्पनेला नाव दिलं, आणि आता ते नाव मलपृष्ठावर, परीक्षणात, वाचनगटाच्या गप्पांत सहज येतं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली आली. एकाच माणसाच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण एकामागून एक बोलतात, आणि त्या माणसाचं नावही आपल्याला कळत नाही. ती वाचलेली मुलं पहिला प्रश्न विचारतात तो त्या गप्प राहिलेल्या माणसाबद्दल. याच मुलांच्या हाती ‘ययाति’ दिली तर ती विचारतील, बापाला तारुण्य देणाऱ्या पुरूला खांडेकरांनी बोलायला एकही प्रकरण का दिलं नाही? आमच्या पिढीला हे सुचलं नव्हतं.

खरं तर हा प्रश्नही चिरगाँवला जुनाच आहे. झाशीच्या रेल्वे कचेरीत नोकरी केलेले महावीरप्रसाद द्विवेदी पुढे ‘सरस्वती’चे संपादक झाले, आणि कवींनी रामायणातल्या ऊर्मिलेला वाऱ्यावर सोडलं अशी तक्रार त्यांनी १९०८ साली मांडली. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या गुप्तांनी ती मनावर घेऊन ‘साकेत’ लिहिलं.

पण तरबेजपणाची किंमतही पडली आहे. १९२६ साली अगाथा क्रिस्तीने ‘रॉजर अॅक्रॉइड’मध्ये वाचकाला गंडवलं तेव्हा ओरड झाली, आज कादंबरीने गंडवलं नाही तर ओरड होते. वाचक पहिल्या पानापासून खिशाला हात लावून बसतो. निवेदक प्रामाणिकपणे रडला तरी याला त्यात डाव दिसतो. हळूहळू विश्वास बसणं, मग तो किंचित डळमळणं, मग मागची पानं चाळणं, यातली मजा गेली. आणि हाच सावध वाचक पुस्तक मिटून मोबाइल उघडतो, आणि पुलंच्या नावावर फिरणारा, पुलंनी कधीच न लिहिलेला मजकूर डोळे मिटून पुढे धाडतो. तिथे सांगणारा कोण, त्याने पाहिलं की ऐकलं, हे विचारायचं त्याच्या मनातही येत नाही. संशय वाढला, पारख वाढली नाही.

आजीचं माप आता परत येणार नाही, आणि सगळ्यांच्या घरी एकच माप असण्यातही काही भलं होतं असं नाही. विधृता त्या मापात कुठे बसत होती? पण प्रत्येकाने आपापलं घडवायला हरकत नाही. ‘मृत्युंजय’ संपलं की लगेच ‘युगान्त’ उघडावं. गोडशांना पोतदारांच्या प्रतीतून ऐकावं. एकाचं पुरतं ऐकून मग दुसऱ्याकडे जावं, आणि निकाल तोवर राखून ठेवावा. एवढा वेळ कुणाला आहे, असं जे विचारतील त्यांना एवढंच विचारायचं: मग दिवसभराचे फॉरवर्ड वाचायला तो कुठून येतो?